पनवेलची मॅट्रिक मंडळी

पनवेल म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते सांगायला ज्योतिषी नको. हार्बर मार्गाचे शेवटचे स्टेशन, गोव्याच्या वाटेवरची वाहनांची रांग, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ज्याचे उद्‌घाटन झाले ते उलव्याकडचे विमानतळ. लोकल इथवर आली १९९८ साली, महानगरपालिका झाली २०१६ साली. या सगळ्या नव्या संसाराच्या पोटात एक जुने गाव आहे. विरूपाक्षाचे देऊळ, बल्लाळेश्वर, कृष्णाळे आणि वडाळे ही तळी, इस्रायल तळे आणि बेने इस्रायलांचे १८४९ सालचे प्रार्थनामंदिर, दोनचार वाडे, आणि ह्या सर्वांना पाठीशी घेऊन पडलेली, गाळाने भरत गेलेली खाडी. मला सांगायचे आहे ते त्या गावाबद्दल, आणि त्यातही तिथल्या एका जातीबद्दल. ही जात मनूला ठाऊक नव्हती. तिचे नाव मॅट्रिक.

ह्या जातीत तीन पोटजाती. मॅट्रिक पास, मॅट्रिक नापास आणि नॉन-मॅट्रिक. शेवटच्या दोहोंतला फरक परक्याला कळत नसे, पण ज्याच्या त्याच्या घरी तो फार जपला जाई. नापास म्हणजे परीक्षेला बसून आलेला, मुंबई पाहून आलेला. नॉन-मॅट्रिक म्हणजे उंबऱ्यापर्यंतच न पोचलेला.

पनवेलला ह्या जातीचे महत्त्व वाढायला कारण होते. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईचा माणूस होडीने पनवेलला उतरे आणि तिथून घाटाची वाट धरी. देशावरचा माल इथे उतरायचा, मुंबईचा माल इथून चढायचा. पनवेलची गाडीची चाके नावाजलेली होती, तीही ह्याच वाहतुकीच्या जिवावर. १८५२ साली इथे नगरपालिका झाली, म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायच्या पाच वर्षे आधी. मग १८६३ साली आगगाडी बोरघाट चढली, आणि ती गेली कर्जतवरून. पनवेल बाजूला पडले. १८८३ साली तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाब्याला जोडला, म्हणजे सरकारदरबारचा कागद आता अलिबागेला जाऊ लागला. व्यापार उतरला की गावात काय उरते? कचेरी उरते, कोर्ट उरते, पोस्ट उरते. त्या तिन्ही ठिकाणी बसायला इंग्रजी लागे. ज्या घरात आजोबा भाताच्या पोत्यांचा हिशेब ठेवीत होते, त्या घरात नातवाच्या हाती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली ती अशी.

त्या काळची शिडी आजच्या विद्यार्थ्याला सांगितली तर खोटी वाटेल. आधी मराठी शाळा. तिथून एक वाट व्हर्नाक्युलर फायनलकडे जाई. ती संपवली की प्राथमिक शाळेत मास्तर नाहीतर तलाठी. दुसरी वाट इंग्रजी पहिलीकडे जाई. इंग्रजीच्या सात यत्ता, आणि सातवीच्या टोकाला मॅट्रिक. लहान गावांतून ह्या सातांपैकी खालच्या यत्तांची सोय असली तरी पुष्कळ. वरच्या यत्तांसाठी मुलगा घराबाहेर काढावा लागे. पुस्तके थोडी, पण अख्ख्या पिढ्या त्यांवर वाढल्या. संस्कृतला भांडारकरांचे पहिले पुस्तक आणि दुसरे पुस्तक, रेखागणिताला युक्लिड, इंग्रजीला तर्खडकर. वरच्या वर्गांत इतिहास-भूगोलही इंग्रजीतूनच घोकायचा. मी मराठी शिकवून पोट भरतो, तेव्हा हे लिहिताना थोडा कडवटपणा आला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. घरी, अंगणात, खाडीवर चोवीस तास मराठी बोलणारा मुलगा शिवाजीचा इतिहास इंग्रजीतून पाठ करी, आणि त्यातली वाक्ये समजली नाहीत तरी विरामचिन्हांसकट उतरवून देई. त्याचे कौतुकही होई.

१८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली, तिला १३२ जण बसले आणि २२ पास झाले. त्यांत रानडे आणि भांडारकर होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उमेदवारांची संख्या कितीतरी पटींनी वाढली, तरी परीक्षेची दहशत तशीच राहिली. कारण ती शाळेची परीक्षा नव्हती, विद्यापीठाची होती. प्रश्न काढणारा अनोळखी, तपासणारा अनोळखी, आणि परीक्षेची जागा दूरच्या शहरात. पनवेलच्या मुलाला ती द्यायला बहुधा मुंबई गाठावी लागे, आणि मुंबई गाठायची तर भरतीची वेळ पाहावी लागे.

ह्या भरतीचे आज कोणाला काही वाटणार नाही. पण पनवेलची खाडी अरुंद आणि उथळ. पाणी चढले की मचवा सुटणार, उतरले की चिखलात बसणार. तेव्हा घरातून निघायचा मुहूर्त भटजी काढीत नसत, खाडी काढी. मुलगा ट्रंक, वळकटी आणि लाडवांचा डबा घेऊन धक्क्यावर यायचा. बरोबर वडील, शेजारी, मास्तर. पहाटेची भरती असली तर कंदील. मुंबईत उतरल्यावर गिरगावातल्या कोणा नातलगाच्या दोन खोल्यांत आधीच झोपलेल्या सातआठ माणसांत आणखी एकाची वळकटी उलगडायची. तिथून राजाबाई टॉवरचे टोले ऐकू आले की पोटात गोळा उठे, असे आमच्या घरी सांगत.

आमच्या घरी म्हणजे माझ्या पणजोबांच्या गोष्टीत. ते पनवेलचे मूळचे नव्हेत. तालुक्यातल्या एका खेड्यातून शिकायला गावात आले आणि वार लावून जेवले. त्यांची एक वही आमच्याकडे आहे. अर्ध्या वहीत अपूर्णांक आहेत आणि उरलेल्या अर्ध्या वहीत सात वारांची सात घरे. घरांची नावे मी सांगत नाही, पण नावापुढे पणजोबांनी बारीक अक्षरांत शेरे मारलेत ते सांगायला हरकत नाही. सोमवार: ‘ताक भरपूर’. मंगळवार: ‘आधी पाणी भरावे लागते’. गुरुवार: ‘मुलास गणित शिकवणे’. शनिवारापुढे फक्त ‘उशीर’ एवढाच शब्द. रविवारपुढे काहीच नाही. तो वार बहुधा रिकामा असावा. वहीभर एकदाही ‘उपकार’ हा शब्द नाही आणि एकदाही तक्रार नाही. मात्र मंगळवारच्या घरी पुढे आयुष्यभर ते जेवायला गेले नाहीत, लग्नाकार्यालाही नाही, असे आजी सांगत असे.

वारांच्या पद्धतीचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि ते खोटे नाही. स्वतःच्या घरी जेमतेम असताना आठवड्यातून एक ताट परक्या पोरासाठी काढून ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. लहान गावाने आपल्या ऐपतीने चालवलेली ती शिष्यवृत्तीच होती. पण ताट कोणासाठी निघे? ब्राह्मणाच्या घरी ब्राह्मणाच्या मुलासाठी. खाडीवर मचवा हाकणाऱ्या कोळ्याच्या मुलाला वार नव्हता. मिठागरात राबणाऱ्या आगऱ्याच्या मुलाला वार नव्हता. महाराच्या मुलाला तर ताटाची गोष्ट सोडाच, पाण्याचीच पंचाईत होती. बेने इस्रायलांनी १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभारायला घेतली. पुढे १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे बोर्डिंग काढले. भाऊराव स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते, हे इथे मुद्दाम नोंदवतो. ज्यांना वार मिळाले नाहीत त्यांच्यासाठी ही बोर्डिंगे होती, आणि पनवेलच्या खेड्यांतल्या मुलाला ती फार लांब होती.

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्काराची सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. एक मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सभा! आज हे वाचून हसू येईल, पण ज्या समाजात ती गोष्ट अपूर्व होती त्याला सभा भरवण्याचा पुरता हक्क होता. ह्याच बोल्यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला, आणि त्या ठरावाच्या आधाराने १९२७ च्या मार्चात आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले. महाड आमच्याच कुलाबा जिल्ह्यातले. म्हणजे मॅट्रिकच्या सत्काराला जमलेली माणसे वीस वर्षांनी कुठे पोचली पाहा.

कुलाबा जिल्ह्यातली आणखी दोन मुले ह्या परीक्षेच्या इतिहासात आहेत, आणि दोन टोकांना आहेत. एक चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नात्याचा, बालपण रोह्याचे. १९१२ साली ते मॅट्रिकला सगळ्या मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच घेतली. राम गणेश गडकऱ्यांनी ह्या यशावर कौतुकाची कविता लिहिली. गडकऱ्यांचे स्वतःचे परीक्षांशी फारसे सख्य नव्हते, म्हणून मला ती कविता अधिक उमदी वाटते. दुसरे विनोबा. जन्म १८९५, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. मॅट्रिक झाले ते बडोद्याला, आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेला निघायच्या सुमारास त्यांनी आपली सगळी सर्टिफिकिटे चुलीत घातली. मुंबईला परीक्षेसाठी म्हणून निघाले, सुरतेला उतरले आणि काशीची वाट धरली. पनवेलच्या धक्क्यावर उभे राहिलेल्या एखाद्या बापाला ही बातमी कशी वाटली असेल त्याची मी कल्पना करतो. ज्या कागदासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या, तो कागद कोणी विस्तवात घालतो!

१९१२ च्या त्या खेपेला आमचे पणजोबाही बसले होते. यादीच्या शिरोभागी देशमुखांचे नाव होते. पणजोबांचे यादीतच नव्हते. इंग्रजीत गेले. त्याआधीच्या साली गणितात गेले होते. तिसरी वारी केली नाही. परीक्षेच्या फेऱ्यांना ‘वारी’ म्हणायचा प्रघात आपल्याकडे फार जुना. पंढरीच्या वारीत आणि हिच्यात भेद एवढाच की पंढरीला दर्शन मिळण्याची खात्री असे.

आता जे पास झाले त्यांचे काय झाले? ते गेले. हे मी सरळ सांगतो, कारण ह्या विषयावर बोलताना आपण नेहमी पास झालेल्यांच्याच पाटीला हार घालतो. पास झालेला मुलगा मुंबईच्या सेक्रेटरिएटात, रेल्वेच्या हपिसात, पेढ्यांवर कारकून झाला. त्यातून हुशार असला तर कॉलेजात गेला, वकील झाला, डॉक्टर झाला. गणपतीला आणि शिमग्याला गावी येई, येताना बिस्किटांचा डबा आणी, ओटीवर बसून मुंबईच्या गोष्टी सांगे आणि भरती बघून परत जाई. वाड्यांच्या खोल्यांना एकेक करून कुलपे लागली ती ह्याच मंडळींची. गावाने आठवड्याचे सात दिवस जेवू घातले, आणि मुंबईने ते ताट उचलून नेले.

हे नवेही नव्हते. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, जन्म १८४५ चा, इंग्रजी शिकून पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात कारकूनच झाले होते. आई आजारी असताना रजा मिळाली नाही, ही त्यांच्या चरित्रातली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण शाळा काढणाऱ्यांतही ते होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वामनराव भावे आणि इंदापूरकर ह्यांच्याबरोबर पुण्यात त्यांनी जी संस्था काढली, तीच पुढची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. त्यांचे बंड झाले, एडनच्या तुरुंगात १८८३ साली मृत्यू झाला. शिरढोणहून निघालेला हा कारकूनही परत आला नाही, पण तो वेगळ्या कारणाने.

गावात राहिले ते नापास. आणि माझे असे मत आहे की लहान गाव चालवले ते ह्यांनीच. पणजोबांनी एका वकिलाकडे लेखनिकाची नोकरी धरली, आणि संध्याकाळी आमच्या ओटीवर लोक जमू लागले. कोणाची तार आली आहे, कोणाला कोर्टाचे समन्स आले आहे, कोणाचा मुलगा आगबोटीवर खलाशी आहे त्याचे पत्र कोणा साहेबाने इंग्रजीत लिहून पाठवले आहे. तार आली की घरात आधी रडायलाच सुरुवात होई. मग ती घेऊन कोणीतरी धावत ओटीवर येई. पणजोबा चष्मा लावून ती दोनदा वाचीत आणि मगच बोलत. विद्यापीठाने ज्यांना इंग्रजीत नापास केले, त्यांच्या इंग्रजीवर अर्ध्या गावाचे सुखदुःख अवलंबून होते. जेमतेम वाचता येणाऱ्या ह्या मंडळींनी वाचनालयात वर्तमानपत्रे वाचून दाखवली, मेळ्यांची पदे रचली, नाटकांत स्त्रीपार्टी मुले तयार केली, नगरपालिकेच्या निवडणुकांत भांडणे केली. पास झालेला मुलगा ह्यांतले काहीच करायला गावात नव्हता.

एक धंदा मात्र पनवेलात असा होता की त्याला मॅट्रिकची फिकीर नव्हती. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथे धूतपापेश्वर ह्या नावाने आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. इंग्रजी न घोकता, संस्कृतच्या बळावर उभा राहिलेला तो उद्योग दीडशे वर्षे टिकला. गावाबाहेर न जाताही विद्येचे चीज होते, याचे एवढे एकच मोठे उदाहरण मला तिथे सापडते.

मुलींविषयी फार लिहिण्याजोगे नाही, हीच खेदाची गोष्ट. मुंबई विद्यापीठाचे दार १८८३ साली स्त्रियांना उघडले, पुण्याला १८८४ साली हुजूरपागा निघाली, १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. पण पनवेलच्या मुलीला पहाटेच्या भरतीला एकटीला मचव्यात कोण बसवणार? कर्व्यांना स्वतःला सतराव्या वर्षी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत सह्याद्री ओलांडून चालत जावे लागले होते, आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेला बसूच दिले नव्हते. मुलग्याची ही कथा, तर मुलीची काय सांगावी? माझी पणजी भांडारकरांचे पहिले पुस्तक चुलीपाशी बसून ऐकून ऐकून पाठ म्हणे. पणजोबांनी मुलांना शिकवताना रूप चुकले तर आतून दुरुस्ती येई, असे आजोबा सांगत. तिला सही मात्र करता येत नव्हती.

चिंतामणराव देशमुख पुन्हा कुलाब्यात आले ते १९५२ साली, लोकसभेची मते मागायला. मधल्या चाळीस वर्षांत ते केंब्रिज, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री असे सगळे काही होऊन आले होते. जिल्ह्याने त्यांना निवडून दिले, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. तोवर मॅट्रिकही राहिली नव्हती. १९४८ च्या कायद्याने शालान्त परीक्षेचे मंडळ झाले, आणि परीक्षेचे नाव एसएससी झाले. नाव बदलले तरी गावात ‘यंदा मॅट्रिकला आहे’ असेच म्हणत राहिले. मी लहान असतानाही म्हणत.

ज्यांना वार मिळाले नव्हते त्यांची मुले शिकली ती ह्यानंतर. १९२६ साली उरणजवळच्या जासईत शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले दि. बा. पाटील वकील झाले, पनवेलचे आमदार झाले. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, तेव्हा १९८४ च्या जानेवारीत जासईला झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनाचे पुढारीपण त्यांच्याकडे होते. पाच माणसे गोळीबारात गेली. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला देण्याची योजना पुढे ह्याच लढ्यातून आली. शिकलेला मुलगा गावाला परत मिळाला तर काय होते, ते पनवेल-उरणच्या लोकांनी ह्या एका माणसात पाहिले.

माझ्या वर्गात आता ह्याच खेड्यांतल्या मुली पहिल्या बाकावर बसतात. त्यांच्यापैकी एकीच्या घरी मागच्या वर्षी गौरीच्या दिवसांत जाणे झाले. तिची आजी खाली बसून तांदूळ निवडत होती. मी मराठी शिकवतो हे कळल्यावर तिने माझ्याकडे फारसे लक्ष दिले नाही. नातीला हाक मारून तिने पत्र्याच्या पेटीतून एक जुना, चौघडी केलेला कागद काढायला लावला. जमिनीसंबंधीचा, इंग्रजीतला. नवरा असताना कोणाला तरी वाचायला दिला होता, त्याने काय सांगितले ते आता आठवत नाही, म्हणाली. मुलीने कागद उलगडून दिव्याखाली धरला आणि मनातल्या मनात एकदा वाचून काढला. तिचा चेहरा पाहून आजीने हातातले सूप खाली ठेवले.

“मोठ्यानं वाच,” आजी म्हणाली. “आणि मराठीत सांग.”